मदत हवी आहे: टूलचं डॉक्युमेंटेशन लोकांनी वाचावं यासाठी काय वापरता?

नमस्कार मंडळी,

कृतिदेव या जुन्या फॉन्टमधला मजकूर युनिकोडमध्ये बदलणारं एक छोटं पायथन टूल मी गिटहबवर (कोड शेअर करण्याच्या साइटवर) ठेवलं आहे. वापरणारे दोन प्रकारचे: विंडोजवर डीटीपी करणारे, ज्यांचा कमांड लाइनशी संबंध येत नाही, आणि प्रोग्रॅमर. रीडमीत (टूलच्या गिटहब पानावर दिसणाऱ्या माहितीच्या फाइलीत) सगळं आहे, पण नुसता मजकूरच मजकूर. पहिल्याच परिच्छेदात उत्तर दिलेले प्रश्न मेलवर येत राहतात.

दाखवण्यासारखं मात्र पुष्कळ आहे. कृतिदेवमध्ये 'कि' लिहिताना ऱ्हस्व वेलांटी आधी टंकतात, क नंतर. युनिकोडमध्ये क आधी, वेलांटी नंतर. रफाराचं बरोबर उलटं. हे शब्दांत सांगायला पान लागतं, पण डोळ्यांसमोर घडलं की लगेच कळतं.

टर्मिनलमध्ये (कमांड टाइप करायच्या खिडकीत) जे घडतं ते रेकॉर्ड करणारं आस्किनेमा वापरून पाहिलं. त्याचं रेकॉर्डिंग मजकूरच असतं, त्यामुळे फाइल हलकी राहते आणि बघणाऱ्याला कमांड कॉपी करता येते. पण रीडमीत जावास्क्रिप्ट चालत नाही, म्हणून प्लेअर तिथे बसत नाही. व्हीएचएस नावाचं टूल फार आवडलं: कमांड एका फाइलीत लिहायच्या, जिफ (हलतं चित्र) तयार होते, टूल बदललं की पुन्हा चालवायचं. अडलं ते जोडाक्षरांवर. टर्मिनलमध्ये ती तुटतात, आणि मराठी मजकूर सुधारणाऱ्या टूलच्या डेमोत तुटका 'क्ष' मला चालणार नाही.

आकृत्यांसाठी मर्मेड (मजकुरातून आकृती काढणारं टूल) नक्की केलंय. गिटहब २०२२ पासून ते थेट दाखवतं. डेमोचं काय करावं? आणि डॉक्युमेंटेशनची वेगळी साइट करायची तर ती बनवायला एमकेडॉक्स घ्यावं की डॉक्युसॉरस?

प्रतिसाद १
टूल पायथनचं आहे, तर एमकेडॉक्स घ्या, तेही पायथनचंच आहे. डॉक्युसॉरससाठी जावास्क्रिप्टची साधनं, म्हणजे नोड आणि रिअ‍ॅक्ट सांभाळत बसावं लागेल. डीटीपीवाल्यांसाठी स्क्रीनटूजिफ बघा: विंडोजवर स्क्रीनचा हवा तेवढाच भाग रेकॉर्ड होतो, नको त्या फ्रेम काढता येतात. निकाल टर्मिनलऐवजी नोटपॅडमध्ये उघडून दाखवा, जोडाक्षरं शाबूत राहतील.

प्रतिसाद २
डेमो दाखवण्यापेक्षा लोकांना करूनच बघू द्या. पायोडाइडमुळे पायथन ब्राउझरमध्येच चालतं. गिटहब पेजेसवर एक पान करा: डावीकडे कृतिदेवचा मजकूर चिकटवायचा, उजवीकडे युनिकोड. पहिल्यांदा उघडायला वेळ लागतो, पण इन्स्टॉल काहीच करावं लागत नाही आणि मजकूर सर्व्हरवर जात नाही. छापखान्यातली माणसं हे दुसरं आधी विचारतात, तेव्हा ते पानावर ठळक लिहा.