बाळाची झोप बदलते तेव्हा: तुमचे अनुभव लिहा

माझी लेक १५ महिन्यांची आहे. गेले दहा दिवस सकाळची झोप तिला नको झालीय, आणि ती न घेता दुपारपर्यंत तगही धरवत नाही. काल साडेअकराला वरणभाताचा घास गालात तसाच ठेवून खुर्चीत मान टाकली. हळूच बोट घालून घास काढला, तर जागी होऊन पाऊण तास रडली. डॉक्टर म्हणाले, दीड वर्षाच्या आसपास बरीच मुलं दोन झोपांवरून एकीवर येतात, मधले काही आठवडे असेच जातात. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१९ मध्ये १ ते २ वर्षांच्या मुलांसाठी दिवसरात्र मिळून ११ ते १४ तास झोप सांगितली आहे. हिची साडेबारा तास होते, म्हणजे कमी नाही. पण हे मधले आठवडे तुम्ही कसे काढलेत? इतर वयांचे अनुभवही लिहा.

साडेचार महिन्यांच्या मुलाचा बाबा, पुणे

आमचा आधी सलग पाच तास झोपायचा. चौथा महिना लागला आणि दर दोन तासांनी उठू लागला. "दूध पुरत नाही, वरचं सुरू करा," असं घरात चौघांनी सांगितलं. बायको एकटी बसून रडायची. वजन करून आणलं, वाढ उत्तम होती. या वयात झोपेचे टप्पे बदलतात, दोन टप्प्यांच्या मध्ये बाळ जागं होतं, एवढंच. आता कुरकुरला की मिनिटभर छातीवर हात ठेवतो. कधी झोपतो, कधी नाही. पण आईच्या दुधाला नावं ठेवणं मी घरात बंद केलं.

आजी, सातारा

नातवानं पहिले दोन महिने रात्रीचा दिवस केला. तेल लावून अंघोळ झाली की झोळीत जो गाढ व्हायचा तो पार दुपारपर्यंत, आणि रात्री बाराला डोळे टक्क उघडे. सुनेचे डोळे खोल गेले होते. मग मी दिवसा खिडक्या उघड्या ठेवल्या, कुकरच्या शिट्ट्या होऊ दिल्या, सकाळी त्याला घेऊन ओसरीवर उजेडात बसू लागले. रात्री दूध पाजताना एकच मंद दिवा आणि बोलणं बंद. दिवसरात्र कळायला बाळाला दोन-तीन महिने लागतातच, असं नर्सबाई म्हणाल्या होत्या, म्हणून सगळं श्रेय मी घेत नाही. आणखी एक सांगते. डोकं गोल व्हावं म्हणून मी मोहरीची उशी शिवली होती. डॉक्टरांनी ती काढायला लावली. सपाट गादीवर, पाठीवरच निजवा म्हणाले. तेव्हा वाईट वाटलं. आता शेजारणींना मीच सांगते.

साडेतीन वर्षांच्या मुलाची आई, ठाणे

पाळणाघरात दुपारी १ ते ३ सगळ्यांना झोपवतात. आमचा मग रात्री साडेअकरापर्यंत टुणटुणीत. रविवारी दुपारी झोपत नाही आणि साडेआठला गुडूप! ताईंना हे सांगितलं. आता दोनला उठवतात, रंग देऊन बसवतात. तेवढ्यानं रात्र दीड तास अलीकडे आली.

दोन वर्षांच्या मुलीची आई, स्टॉकहोम

इथे पाळणाघरात मुलांना थंडीतही बाहेर बाबागाडीत झोपवतात. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा पोटात गोळा आला होता. लोकरीत गुंडाळलेली, नाकाचा शेंडा तेवढा लाल. लेक तिथेच एका झोपेवर आली. दुपारचं जेवण ११ ला, लगेच झोप, आणि ते दोन-तीन आठवडे रात्री साडेसहालाच निजवायची. लवकर निजवलं तर पहाटे उठेल ही भीती खोटी ठरली. जूनमध्ये मात्र दहापर्यंत उजेड असतो, तेव्हा जाड काळे पडदे लागतातच.

धागाकर्ती

स्टॉकहोमच्या ताई, तुमचं वाचून आज ११ ला जेवू घातलं. चार घास व्यवस्थित जेवली, डोळे चोळायला लागली तशी खांद्यावर घेतली. पावणेबारा ते दोन झोपली. संध्याकाळी पाचपासून किरकिर चालू आहे. आता सात वाजलेत, दिवा बंद करून तिच्याशेजारी पडलेय.