अनुभव धागा: विषुववृत्ताजवळच्या मिशनवरचे दिवस

पाऊसवेडी
परवा ओलसर चादरीवर इस्त्री फिरवली, तो वाफेचा वास आला आणि थेट टांझानियात पोचले. मिशन हॉस्पिटलात नर्स होते तेव्हाची गोष्ट. दोरीवरून काढलेला एकूण एक कपडा इस्त्री व्हायचा. मोजे, बाळांची दुपटी, आतले कपडेसुद्धा. हौस नव्हती ती. तिथली तुंबू माशी ओलसर कपड्यावर अंडी घालते, अळी कातडीत शिरते आणि गळवासारखा फोड येतो, मधोमध बारीक भोक. त्यावर व्हॅसलीन थापायचं. हवा मिळेना झाली की अळी वर सरकते, मग हलकेच दाबून चिमट्याने काढायची. इस्त्री कोळशाची, कारण जनरेटर ऑपरेशनपुरता.

लोकांना वाटतं मिशनरी म्हणजे दिवसभर उपदेश. आमचा दिवस पाणी उकळण्यात, गळक्या छपराखाली बादल्या सरकवण्यात आणि फ्रीजच्या वातीशी भांडण्यात जायचा. प्रार्थना पहाटे, तीही डुलक्या घेत. जे कुणी असे राहिलेत, फादर, सिस्टर, डॉक्टर, त्यांची मुलं, त्यांनी लिहा. पराक्रम नकोत, रोजचं लिहा.

काजळी
फ्रीजची वात!! आई गं. रॉकेलवरचा फ्रीज ज्यांनी सांभाळला नाही त्यांना संयम शिकवू नये. ज्योत निळी हवी. पिवळी झाली की काजळी, मग धुराडं घासा. जमिनीवर जरा तिरका बसला तरी गार होत नाही. लसी 2 ते 8 अंशांत ठेवायच्या. सगळे उष्णतेला घाबरतात, पण धनुर्वाताची लस गोठली तरी वायाच. शंका आली तर कुपी हलवून बघायची, कण भराभर तळाशी बसले तर फेका. 1996 पासून पोलिओच्या कुपीवर उष्णता लागल्याचं दाखवणारं ते चिन्ह आलं: वर्तुळात फिका चौकोन, तो वर्तुळाइतका गडद झाला की लस गेली. ज्याने शोधून काढलं त्याचे पाय धुवावेत.

डुक्करहाक्या
आईबाबा दोघं डॉक्टर, पापुआ न्यू गिनीच्या डोंगराळ भागात. विमान यायच्या आधी गवताच्या धावपट्टीवरून डुकरं हाकलायची हे आम्हा पोरांचं काम. मग सगळ्यांची वजनं, हातातल्या पिशवीसकट. एकदा एका भारदस्त फादरांना उतरवून त्यांच्या जागी औषधांची खोकी गेली. आठवडाभर बोलले नाहीत कुणाशी.

मच्छरदाणी
😂😂 मेफ्लोक्विनची स्वप्नं कुणाकुणाला पडली? मलेरिया होऊ नये म्हणून आठवड्याला एक गोळी. दुसऱ्या दिवशी नाश्त्याला सगळे आपापली स्वप्नं सांगायचे. एका ब्रदरांना दर वेळी तोच बगळा हिशेब मागायचा.

काजळी
आणि मलेरिया झाल्यावरचं क्विनीन? कानात नुसतं घूं घूं. फोन वाजतोय असं वाटायचं, फोन तर नव्हताच तिथे.

सरळप्रश्न
रागावू नका, पण उपचारांच्या बदल्यात धर्मांतर असं काही होतं का?

पाऊसवेडी
नाही रागावत. औषध देताना आम्ही कुणाला धर्म विचारला नाही. पण ओपीडी उघडायच्या आधी प्रार्थना व्हायची आणि रांगेतल्या आजाऱ्यांना ती ऐकावीच लागायची, नंबर सोडून जाणार कुठे? मला ते तेव्हाही खटकायचं. बोलले होते, काही बदललं नाही.

जुनी वही
मिशनरी डॉक्टर अल्बर्ट श्वाइट्झर 1913 साली गॅबनमध्ये लांबारेनेला गेले तेव्हा आधी कोंबड्यांच्या जुन्या खुराड्यात पेशंट तपासत. शांततेच्या नोबेलचे पैसेही तिथल्या कुष्ठरोग्यांच्या वसाहतीला घातले.

सरळप्रश्न
पण ते स्वतःला थोरला भाऊ म्हणवून स्थानिकांना धाकट्या भावांच्या रांगेत बसवायचे, तेही लिहा की.

जुनी वही
मान्य. दोन्ही खरं.

थोडक्यात ताई
धाकटे भाऊ कसले! आमचं हॉस्पिटल चालवायचा तिथलाच एक कंपाउंडर. चार भाषा, पाऊलवाटा तोंडपाठ, कुठल्या घरात कोण रुसलंय तेही माहीत. परदेशी डॉक्टर येत नि जात, देणगीदारांच्या फोटोत तेच.
मी कुपोषित मुलांच्या वॉर्डात. दंडाला रंगीत पट्टी गुंडाळायची, 11.5 सेंटिमीटरखाली लाल, म्हणजे गंभीर कुपोषण. आया माझ्या तोंडाकडे बघायच्याच नाहीत, पट्टीकडेच. शेंगदाण्याच्या त्या गोड लगद्याचं एक पाकीट म्हणजे 500 कॅलरी, शिजवणं नाही, पाणी नाही. आधी पोर तोंड फिरवायचं. एक बाळ एके दुपारी पाकीट दोन्ही मुठींत धरून कोपरा चोखत बसलं होतं, हात लावला तर भोकाड. आम्ही दोघीतिघी आनंदाने ओरडलो, मेट्रन दटावायला आल्या आणि त्याही तिथेच उभ्या राहिल्या.
कुकरची शिट्टी झाली, बाकीचं रात्री.

मच्छरदाणी
ताई रात्री नक्की लिहा 🙏

बुरशी
चामड्याचे बूट, कॅमेऱ्याची काच, पुस्तकं, सगळ्यावर हिरवट बुरशी. कुणाला उपाय सापडला होता?

काजळी
कपाटात बल्ब लावून ठेवायचा. म्हणजे वीज असेल तर 😏

सरळप्रश्न
@डुक्करहाक्या, डुक्कर कधी विमानाखाली आलं का?

डुक्करहाक्या
एकदाच. मालकाला भरपाई द्यावी लागली, दोन दिवस वाटाघाटी. पायलटला लागलं का, हे तिसऱ्या दिवशी कुणीतरी विचारलं.