निळं-पांढरं दिसलं म्हणजे चिनीच असं नाही
वरच्या पोस्टमध्ये फोटो टाकून तुम्ही फ्लोरिडातल्या सेंट ऑगस्टिनच्या त्या निळ्या-पांढऱ्या खापराला (भांड्याच्या तुकड्याला) चिनी म्हटलंय, पण मला ते मेक्सिकोतल्या पुएब्ला शहरातलं मायोलिका, म्हणजे कथिलाचं ग्लेझ (काचेसारखा लेप) चढवलेलं मातीचं भांडं वाटतंय. फोटोत तुटलेली कड झूम करून बघा ना, आतली माती फिकट गुलाबी, भुसभुशीत आणि वरचं कथिलाचं पांढरं ग्लेझ भिंतीच्या पोपड्यासारखं उडालंय, चिनी पोर्सेलीन (चिनी मातीचं भांडं) असतं तर आतबाहेर सगळं एकसंध, काचेसारखं दिसलं असतं. निळ्यासोबत काळ्या बारीक रेषांची लेससारखी जाळी असेल तर 'पुएब्ला पॉलिक्रोम' (बहुरंगी) हा प्रकार, साधारण १६५० ते १७२५, आणि नुसताच निळा असेल तर बहुतेक १७०० नंतरचं. बाकी फसायला होतंच हो, मनिलाहून गॅलियननं (मोठ्या स्पॅनिश जहाजानं) मेक्सिकोच्या अकापुल्को बंदरात उतरणाऱ्या चिनी मालाची पुएब्लाच्या कुंभारांनी भरपूर नक्कल केलीय.