फॅब्रिकेशनला गणित लागत नाही म्हणे!

शिरोलीकर
परवा एका कारखानदारांची पोस्ट वाचली : "आयटीआयतलं वर्कशॉप कॅल्क्युलेशन बंद करा. पोराचा हात बसला की झालं. फॅब्रिकेशनला गणित नाही, नजर लागते." खाली सगळ्यांनी त्यांचीच री ओढलेली. तिथे लिहून उपयोग नव्हता, म्हणून इथे लिहितोय.

मी बावीस वर्षं टाक्या करतोय. गेल्या वर्षी आतून १००० व्यासाची टाकी होती, प्लेट १० एमएमची. कापायला दिलेल्या पोराचा हात असा की त्याचं वेल्डिंग एक्स-रेला कधी अडत नाही. त्यानं हजार गुणिले ३.१४१६ केलं आणि ३१४१ ला प्लेट कापली. प्लेट रोल करताना, म्हणजे गोल वळवताना, हिशोब जाडीच्या मधल्या रेषेवर धरायचा असतो, म्हणजे १०१० वर. येतात ३१७३. शेल, म्हणजे टाकीचं गोल अंग, ३२ एमएम तोकडा पडला. ती प्लेट आजही भिंतीला टेकून उभी आहे आणि तिच्याकडे बघून मला राग येतो तो पोराचा नाही. परिघाचं सूत्र त्याला तोंडपाठ होतं. त्या सूत्रात प्लेटची जाडी कुठे शिरते, हे त्याला कुणी कधी प्लेटजवळ उभं करून सांगितलंच नव्हतं.

भोसरीचा वेल्डर
दादा, हे तर माझ्याच बाजूचं उदाहरण झालं. सूत्र येत होतं तरी चुकला ना? माझे उस्ताद चौथी शिकलेले. "आतल्या मापात जाडी मिळव, मग बावीस सप्तमांश" एवढंच सांगायचे. आयुष्यात शेल तोकडा पडला नाही. सहा होलचा फ्लँज (पाइप जोडायची गोल चकती) आला की कंपास होलच्या वर्तुळाच्या त्रिज्येएवढा उघडायचा, फिरवत जायचं, पंच मारायचा. कागद लागला नाही.

शिरोलीकर
"जाडी मिळव, मग बावीस सप्तमांश" हे गणितच आहे. उस्तादांनी ते कामावर शिकवलं, मीही तेच मागतोय. आणि सहा होलला त्रिज्या चालते, आठ होलला काय करता? २४० पीसीडीला, म्हणजे होलच्या केंद्रांतून जाणाऱ्या वर्तुळाचा व्यास २४० असताना, दोन होलमधलं अंतर ९१.८४ येतं. कंपास चाचपडत बसायचं?

भोसरीचा वेल्डर
चाचपडत कशाला? एकमेकांना काटकोनात दोन रेषा मारल्या की चार मिळतात. मधले कोन दुभागले की आठ. आकडा लागतच नाही.

शिरोलीकर
बरोबर. आठचं उदाहरण मी चुकीचं दिलं. पाच होल करून दाखवा.

चाकण लेझर
२०२५ उलटून गेलं आणि तुम्ही कंपासवर भांडताय. मॉडेल करा, फ्लॅट पॅटर्न, म्हणजे वाकवण्याआधीचा सपाट आकार, सॉफ्टवेअर काढून देतं, लेझर कापतं. पोराला मशीन चालवता आलं पाहिजे, बस्स.

लेआउटवाली
सॉफ्टवेअरमध्ये के-फॅक्टर, म्हणजे वाकवताना लांबी न बदलणारी रेषा जाडीत कुठे येते तो आकडा, कोण भरतं, तेही सांगा. मी पॅनेलच्या शीट मेटलमध्ये आहे. २ एमएमची शीट, आतली त्रिज्या २, बाहेरून ५० बाय ५० चा एल. के ०.४२ धरला तर फ्लॅट ९६.४६ येतो. ०.५ राहून गेला तर ९६.७१. पाव एमएम किरकोळ वाटतो, पण चार बेंड असले की पूर्ण एक एमएम होतो आणि दार चौकटीत बसत नाही. आमच्याकडे असा अख्खा लॉट परत आलाय. स्क्रीनवर सगळं हिरवं होतं. तुकडा वाकवून, मोजून, के मागे काढायला जमणारा एकच माणूस होता आणि तो त्या आठवड्यात गावी गेलेला.

चाकण लेझर
ताई, के तपासून भरायला हवा, हे मान्य. पण ते काम एका माणसाचं आहे, शंभर जणांचं नाही.

निवृत्त शिल्प निदेशक
सूत्रं राहू द्या, आधी आकडा तरी नीट पोचू दे. आयटीआयत शिकवताना, ग्राइंडर चालू असला की मी "एकोणऐंशी" ओरडायचो, पोरगं एकोणनव्वदला खूण करायचं. पंचाहत्तर आणि पंच्याण्णवचंही तेच. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात "वीस दोन" असं वाचन आलं, तेव्हा राज्यभर टिंगल झाली. मला ते त्याच दिवशी पटलं होतं. "सत्तर नऊ" म्हटलं असतं तर किती लोखंड वाचलं असतं!

लेआउटवाली
सर, तुमचा मान राखून सांगते, हे अजिबात पटलं नाही. आवाजाचा दोष भाषेवर का? माझ्या आजोबांना पावकी, निमकी, अडीचकी पाठ होती, सुतारकामाचा हिशोब तोंडी व्हायचा. आपण ते पाढे घालवले, आता आकडेही घालवायचे?

निवृत्त शिल्प निदेशक
घालवा असं मी म्हटलेलंच नाही. मी तीस वर्षं मुलं शिकवलीत. दहावीला गणितात नापास झालेला मुलगा नव्व्याण्णव लिहिताना थबकतो, तेव्हा त्याचा चेहरा तुम्ही पाहिलेला नाही. भाषेचा अभिमान मला शिकवू नका.

लेआउटवाली
अभिमान शिकवत नाहीये. तो थबकला तर त्याला आकडे पुन्हा शिकवा, एवढंच म्हणणं आहे. हा आमच्या भाषेवरचा आळ मी ऐकून घेणार नाही.

भोसरीचा वेल्डर
माझ्या शेडमध्ये तिघे बिहारचे, एक ओडिशाचा. तिथे एकोणऐंशीही नाही आणि सत्तर नऊही नाही, सगळे "सेव्हन नाईन". तेही नको. माप खडूनं प्लेटवर लिहायचं, तोंडी द्यायचंच नाही. रॉडचंही तसंच. तीन सूत म्हणतात (सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग), ते होतं ९.५२५ एमएम, आणि दुकानातून येतो १० चा.

निवृत्त शिल्प निदेशक
खडूचं पटलं. ताई, माझा आवाज चढला. वीस दोनबद्दलचं मत मात्र बदललेलं नाही.

लेआउटवाली
माझंही नाही.

शिरोलीकर
सर, मुद्द्यावर येऊ या. आता थिअरीची परीक्षा संगणकावर, चारातला एक पर्याय निवडायचा. त्यात मुलगा ३१७३ वर टिक करेल, पण टेप कुठून धरायची ते कळेल का?

निवृत्त शिल्प निदेशक
नाही कळणार. मी शेवटची काही वर्षं वर्गात फळा वापरलाच नाही. पत्र्याची पट्टी द्यायचो, वाकवायला लावायचो, आधी आणि नंतर मोजायला लावायचो. फरक कुठून आला, हे मुलंच विचारायची. त्यानंतर सूत्र सांगितलं की ते राहायचं. पोर्शन मात्र कधीच पुरा झाला नाही, त्यासाठी मला वरून बोलणीही बसली.

भोसरीचा वेल्डर
असे सर मिळाले असते तर मीही वर्गात बसलो असतो. पाच होलला मी अडतो, हे खरं आहे. उद्याच एक फ्लँज आहे, ३०० पीसीडी. बोला.

शिरोलीकर
१८० ला होलच्या संख्येनं भागा, येतात ३६. त्याचा साइन ०.५८७८, गुणिले ३००. कंपास १७६.३४ ला उघडा. सात होल आले तर भागाकार सातानं करा, बाकी रीत तीच.

भोसरीचा वेल्डर
१७६.३४. खडूनं लिहून ठेवलं.