ग्रीन टी कडू लागते, की आपले पाणीच तसे आहे?

पूर्णाकाठ : काल येथे एका सदस्याने ठामपणे लिहिले की, "पिशवीतली ग्रीन टी म्हणजे चहाच्या कारखान्यातली झाडलोट. ती शहरातल्यांनी हौस म्हणून प्यावी, खेड्यातल्या माणसाने त्या कडू पाण्यावर पैसे उधळू नयेत." यावर गप्प राहणे मला जमले नाही, कारण दर्यापूर तालुक्यातल्या आमच्या घरी ही ग्रीन टी रोज होते आणि कोणीही तोंड वाकडे करीत नाही. नेहमीची काळी पत्ती आणि ही पत्ती एकाच झाडाची असते. फरक एवढाच की पान खुडल्यावर त्याला लगेच वाफ किंवा कढईची आच देऊन त्याचे काळे पडणे थांबवलेले असते. असे पान आपण खळखळत्या पाण्यात टाकतो, वर झाकण ठेवतो, गोठ्यात जाऊन येतो आणि मग ते कडू लागले म्हणून कंपनीला बोल लावतो. पाणी 80 अंशांच्या आसपास असावे लागते. त्यासाठी थर्मामीटर नको. तीन वाट्या नुकत्याच उकळलेल्या पाण्यात एक वाटी माठाचे पाणी ओतले की काम होते. मग दोन मिनिटे, फार तर अडीच मिनिटे पिशवी ठेवावी आणि काढताना ती चमच्यावर दाबून पिळू नये, कारण उरलेला सगळा तुरटपणा त्या शेवटच्या थेंबांत असतो. राहिली झाडलोट. पिशवीत चुरा असतो हे खरे आहे, पण चुरा असल्यामुळेच तो दोन मिनिटांत उतरतो. घेताना मात्र प्रत्येक पिशवी वेगळ्या बंद पाकिटात आहे का, घटकांत केवळ ग्रीन टी लिहिली आहे की कृत्रिम स्वादही आहे, आणि डबा कधी भरला आहे, एवढे पाहावे. आमच्या गावातल्या दुकानात हा डबा अगरबत्तीच्या पुड्यांना टेकून ठेवलेला असतो. चहा भोवतालचा वास ओढून घेतो, त्यामुळे तेथून आणलेल्या सुट्या पिशव्यांच्या ग्रीन टीला थेट देवघराचा वास येत असे.

कोरा चहा : तो सदस्य मीच. माझे अर्धेच वाक्य उचलल्याबद्दल आभारी आहे, कारण पुढे मी हिशेबही मांडला होता आणि तो तुम्ही सोयीस्करपणे गाळलात. 25 पिशव्यांच्या डब्याला दीडशे रुपयांच्या आसपास मोजावे लागतात आणि एका पिशवीत 2 ग्रॅमसुद्धा पत्ती नसते. म्हणजे किलोला 3000 रुपयांहून अधिक भाव पडला, आणि तोही चुऱ्याला! परसातल्या गवती चहाच्या दोन पात्या आणि गुळाचा खडा घालून मांडलेला कोरा चहा मला जवळपास फुकट पडतो. शिवाय या ग्रीन टीच्या नावाने जी लूट चालते तिच्याबद्दल तुम्ही अवाक्षर काढलेले नाही. माझ्या वहिनीला तालुक्याच्या गावी एका विक्रेत्याने महिन्याभरात पोट उतरेल असे सांगून डबे गळ्यात मारले. दोन्ही जेवणांवर ते पाणी पिऊन तिचे पित्त तेवढे खवळले, पोट होते तेथेच राहिले. जगभरातले वैद्यकीय अभ्यास एकत्र तपासणाऱ्या कॉक्रेन संस्थेच्या 2012 सालच्या आढाव्यातही ग्रीन टीमुळे वजनात पडणारा फरक अगदी नगण्य आढळला होता. आता सांगा, पैसे उधळणे याला नाही तर कशाला म्हणायचे?

उपकेंद्र : भाऊ, विक्रेत्याचा राग पत्तीवर काढू नका. वजनाचे तुमचे म्हणणे बरोबर आहे, पण वहिनींनी ती जेवणावर प्यायली ही चूकही सांगायला हवी. चहातील टॅनिन हा तुरट अंश अन्नातले लोह शरीराला नीट घेऊ देत नाही, आणि आमच्या आरोग्य उपकेंद्रात तपासणीला येणाऱ्या कित्येक बायांचे रक्त आधीच कमी असते. लोहाची लाल गोळी चहाच्या घोटाबरोबर गिळणाऱ्या गरोदर बाया मी नेहमी पाहते आणि नेहमी रागावते. ग्रीन टी प्यायची तर दोन जेवणांच्या मधल्या वेळेत प्यावी. तुमचा कोरा चहाही लोहाच्या बाबतीत तेच करतो, तेव्हा त्याला फार डोक्यावर घेऊ नका.

तेल्हारा रस्ता : एवढी चर्चा झाली आणि पाण्याचे नाव कोणी घेतले नाही, याचे नवल वाटते. पूर्णाकाठ, तुम्ही स्वतः खारपाणपट्ट्यातले असून 80 अंशांच्या गोष्टी कसल्या करता? अमरावती, अकोला आणि बुलढाणा जिल्ह्यांतील सुमारे 900 गावांच्या जमिनीखाली खारे पाणी आहे. त्या पाण्यात सोडा घातल्याशिवाय तुरीची डाळ शिजत नाही, तेथे ग्रीन टीची नजाकत काय टिकणार? बोअरच्या पाण्यात पिशवी सोडली की रंग हिरवट-पिवळा न येता मातकट येतो आणि थोड्या वेळाने वर पातळ तवंग धरतो. त्या पाण्यातले क्षार पत्तीच्या अंशाशी मिळून तो तवंग होतो. त्याच डब्यातली पिशवी मी वान धरणाच्या पाण्यात करून पाहिली तेव्हा ती वेगळीच वस्तू लागली. तुम्ही कोरा चहा पिता त्यात गूळ हे सगळे झाकून टाकतो, म्हणून तुम्हाला पत्ता लागत नाही.

पूर्णाकाठ : मी बोअरचे पाणी वापरतो असे तुम्हाला कोणी सांगितले? आमच्याकडे कॅनचे पाणी येते.

तेल्हारा रस्ता : म्हणजे चहा दीडशेचा आणि वर पाणीही विकतचे! तो कॅन भरणारा माणूस आरओच्या यंत्रातून जेवढे पाणी काढतो त्याहून अधिक नालीत सोडतो, आणि त्याच नालीशेजारी बाया हंडे घेऊन टँकरची वाट पाहतात. पिण्याच्या पाण्यात विरघळलेले क्षार लिटरला 500 मिलिग्रॅमच्या आत असावेत असे भारतीय मानक सांगते. आमच्या बोअरच्या पाण्यात मीटर बुडवला तर मीटरच लाजतो. आम्ही हे पाणी जन्मभर प्यायलो, किडन्यांची दुखणी काढली, आणि तुम्ही येथे पिशवी पिळावी की न पिळावी यावर प्रवचन देता.

पूर्णाकाठ : प्रश्न ग्रीन टीचा होता, माझ्या घरच्या पाण्याच्या बिलाचा नव्हता. तरीही सांगतो. पाणी आधी चांगले उकळून भांडे तसेच निवू द्यावे, पांढरा साका तळाशी बसला की वरचे पाणी अलगद काढून ते पुन्हा तापवावे. जडपणा बराच कमी होतो.

तेल्हारा रस्ता : जडपणा कमी होतो, खारटपणा नाही. मीठ उकळून जात नसते, हे शाळेतले पोरही सांगेल.

वरुडची संत्री : आमच्याकडे सातपुड्याच्या पायथ्याला पाणी गोड आहे, त्यामुळे हा वाद मला थोडा परका वाटतो. उन्हाळ्यात मी दोन पिशव्या माठाच्या तांब्याभर पाण्यात झाकून रात्रभर ठेवते. थंड पाण्यात कडवटपणा आणि कॅफिन दोन्ही कमी उतरतात, आणि सकाळी त्यात संत्र्याचा रस पिळला की 45 अंशांच्या दुपारीही ती पोटाला जड होत नाही. मृग बहाराची, म्हणजे उन्हाळ्याच्या तोंडावर उतरणारी, संत्री संपली असतील तर लिंबू चालते.

तेल्हारा रस्ता : ताई, गोड पाणी आहे खरे, पण संत्र्यासाठी बोअर किती खोल नेलेत तेही लिहा.

वरुडची संत्री : लिहीन, पण त्या आधी तुम्ही चहावर एक तरी वाक्य लिहा.

कोरा चहा : पाण्याच्या भांडणात पिशवी सुटून चालली आहे, म्हणून आठवण करून देतो. कॅनडातील मॅकगिल विद्यापीठाच्या 2019 सालच्या अभ्यासात प्लॅस्टिकच्या एका पिशवीतून गरम पाण्यात 1100 कोटींहून अधिक सूक्ष्म कण उतरल्याचे आढळले होते. चहाच्या पिशव्यांना स्टेपलरची पिन नको हे सांगण्यासाठीसुद्धा आपल्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाला 2017 साली आदेश काढावा लागला. यांच्या भरवशावर मी कप तोंडाला लावू?

उपकेंद्र : तो अभ्यास चकचकीत जाळीच्या प्लॅस्टिक पिशव्यांचा होता, भाऊ. कागदी पिशवी, दोरा गाठ मारून बांधलेला, अशी बघून घ्या. प्रत्येक वस्तूत भीतीच शोधायची असेल तर बसस्थानकावर प्लॅस्टिकच्या कपात मिळणाऱ्या उकळत्या चहाचेही बोला.

कोरा चहा : बसस्थानकावरच्या कपाबद्दल तुम्ही जिंकलात, लिहून घ्या. पाणी उकळते ओतू नये हेही मान्य करतो, कारण काल रात्री शेजाऱ्याकडून एक पिशवी मागून पूर्णाकाठ यांच्या वाटीच्या मापाने करून पाहिली आणि दुर्दैवाने ती पिण्याजोगी निघाली. तरीही चुऱ्याला पत्तीचा भाव मी देणार नाही. हिमाचल प्रदेशातील कांगडा चहाला 2005 साली भौगोलिक मानांकन मिळाले आहे आणि तेथे हिरवी पत्ती सुटी मिळते. ती पाव किलो मागवली आहे. पिशवी घरात येणार नाही ती नाहीच.

तेल्हारा रस्ता : मागवा. फक्त ती बोअरच्या पाण्यात करून पुढच्या आठवड्यात येथे कांगड्याला शिव्या घालू नका.