वेताची छडी: तुरुंगातली आणि संमतीची

आडवाट:
सिंगापूरच्या तुरुंगात फटक्यांची शिक्षा आजही आहे. दुसरीकडे सज्ञान माणसं राजीखुशीने छडी वापरतात. दोन्हींना एकाच तागडीत तोलू नये असं माझं मत. सिंगापुरात फटके जास्तीत जास्त २४, डॉक्टर हजर. पण थांबवायचं डॉक्टरने, मार खाणाऱ्याच्या 'पुरे'ला किंमत शून्य. संमतीच्या खेळात ठरलेला शब्द आला की छडी खाली.

कलमबहाद्दर:
असहमत. मार तो मारच. १८९८च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत आपल्याकडेही सगळं नेटकं होतं: कमाल ३० फटके, हप्त्याहप्त्याने नाहीत, बायकांना नाहीत. (अवांतर: आपल्याकडे वेत अर्ध्या इंचाहून बारीक चालत नसे, सिंगापुरात तेवढ्याहून जाड चालत नाही!) १९५५ साली आपल्याकडे फटके कायद्यानेच बंद केले. इंग्लंडात १९९३च्या ब्राउन खटल्यात (राजीखुशीने एकमेकांना इजा करणाऱ्या पुरुषांच्या) तर शारीरिक इजा झाल्यावर संमतीचा बचावही नाकारला.

वेतकरी:
इजा होते कशी, ते आधी बघा. छडीचं टोक सगळ्यात वेगात असतं. मारणारा अर्धा पाऊल जास्त जवळ उभा राहिला की ते पलीकडच्या कुल्ह्याला वळसा घालतं, आणि तिथे हाडावर मांसच नसतं. म्हणून आधी छडी नुसती टेकवून अंतर घ्यायचं, टोक पलीकडच्या नितंबाच्या मध्याशीच थांबलं पाहिजे. जागा खालची, मांसल. माकडहाड आणि कंबर वर्ज्य, वर मूत्रपिंडं आहेत. वाळक्या वेताला चिरा पडतात, कुसळं कातडीत घुसतात, म्हणून भिजवायचा आणि दर वेळी बोटांनी चाचपायचा. रक्त आलं की थांबायचं. वेत सच्छिद्र, धुऊन निर्जंतुक होत नाही, तो दुसऱ्या कुणावर वापरायचा नाही. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर विषयच बंद.

कलमबहाद्दर:
आणि माराचाच कैफ चढल्यावर 'आणखी' म्हणणाऱ्याची संमती कसली?

वेतकरी:
मुद्दा रास्त आहे. वळाची आग काही सेकंदांनी चढते, भराभर मारलं तर 'थांब' उशिराच येणार. म्हणून दोन फटक्यांत दहा-पंधरा सेकंद. आकडा आधीच ठरवायचा, मध्येच वाढवायचा नाही, कमी करायला हरकत नाही.

कलमबहाद्दर:
आकडा आधी ठरवणं तुरुंगही करतोच की.

आडवाट:
करतो. पण तिथे डॉक्टरने मध्येच थांबवलं, तर उरलेल्या फटक्यांच्या बदल्यात न्यायालय १२ महिन्यांपर्यंत कैद देऊ शकतं.