कात्री लावण्याआधी लॉगिन बघतात

सॉफ्टवेअरच्या खर्चाच्या चर्चेत कुणीतरी म्हटलंय की फायनान्सवाल्यांना सॉफ्टवेअरमधलं काही कळत नाही, नुसती खर्चाला कात्री लावतात. मी नाशिकच्या अंबड एमआयडीसीतल्या एका कारखान्यात अकाउंट्स बघतो, म्हणून दुसरी बाजू.

गेल्या मार्चमध्ये आमच्या सीएफओ (वित्तप्रमुख) मॅडमनी एकच गोष्ट मागितली: प्रत्येक लायसन्ससमोर, म्हणजे सॉफ्टवेअर वापरायच्या प्रत्येक परवान्यासमोर, शेवटच्या लॉगिनची तारीख. डिझाइनच्या ४० लायसन्सपैकी ११ जणांनी तीन महिन्यांत सॉफ्टवेअर उघडलंच नव्हतं. त्यातले दोघे तर दिवाळीतच नोकरी सोडून गेलेले! एचआरने त्यांचा हिशेब चुकता केला, पण आयटीला कुणी कळवलंच नाही.

खरी गोम ऑटो-रिन्यूअलची, म्हणजे करार आपोआप पुढे चालू राहण्याची. आमच्या करारात तो थांबवायचा तर ६० दिवस आधी लेखी नोटीस द्यायची अट होती. आम्हाला जाग आली तेव्हा ४५ उरले होते. अख्ख्या वर्षाचं भाडं वाया गेलं. आता रिन्यूअलच्या तारखा जीएसटी रिटर्नच्याच कॅलेंडरमध्ये टाकल्यात.

आणि परदेशी कंपनीचं डॉलरमधलं बिल क्रेडिट कार्डावर परस्पर भरू नका हो. रिव्हर्स चार्जने, म्हणजे विकणाऱ्याऐवजी घेणाऱ्याने कर भरायच्या नियमाने, १८ टक्के आयजीएसटी (जीएसटीचाच प्रकार) आपल्याला रोखीने भरावा लागतो. त्या कराची वजावट (क्रेडिट) नंतर मिळते, पण बिल अकाउंट्सपर्यंत पोचलं तर ना!

सगळंच कापता येत नाही, हेही खरं. १ एप्रिल २०२३ पासून कंपन्यांच्या अकाउंटिंग सॉफ्टवेअरला एडिट लॉग (नोंदीत कधी काय बदललं याची नोंद) बंधनकारक आहे, तिथे स्वस्ताई बघायला गेलात तर ऑडिटर रिपोर्टात लिहून मोकळा होतो.